तोंडातला खडा

दगड कुठल्या घावाला फुटणार हे दगडालाही ठाऊक नसतं, पण माझ्या भावाला ठाऊक असतं. असं त्याचं म्हणणं, आणि तेच आमच्या घराचं दुखणं.

लहानपणी हाताला लागेल ते ठोकत बसायचा म्हणून त्याला सगळे ठोक्या म्हणतात. मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मी या दगडाच्या खाणीवर परत आले, तेव्हापासून भावाच्या खोपीत राहते आणि घमेल्यानं खडी वाहते. कुणाच्या जिवावर खात नाही, हे आधीच सांगून ठेवते. भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीला तोंड फार, असं लोक म्हणतात. आहेच मला तोंड. नसतं तर या घरात कुणी तरी बोललं असतं का?

आमचं काम असं. मोठ्या दगडावर कोळशानं रेघ मारायची, रेघेवर भोकं पाडायची, भोकात लोखंडी पाचरी बसवायच्या आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्यावर घण घालत जायचं. पुन्हा पहिल्यापासून. घणावर घण. पहिल्यांदा दगड खणखणतो. मग एका घावाला आवाज बसतो, बद्द होतो, आणि पुढच्याच घावाला किंवा त्याच्या पुढच्याला रेघेवरून उभा दुभंगतो. त्या वेळी मोठा आवाजसुद्धा होत नाही. उसासा टाकल्यासारखं करतो आणि बाजूला होतो.

यावर बोली लावतात. खाणीत त्याला घाव बोलणं म्हणतात. पाचरी बसल्या की पहिला घण पडायच्या आत आकडा बोलायचा, की अमक्या घावाला फुटेल. आकडा बरोबर आला तर लावलेल्याच्या दुप्पट. नाही आला तर लावलेलं ट्रॅक्टरवाल्याचं. हा ट्रॅक्टरवाला ठेकेदाराचा माल वाहतो आणि मधल्या वेळात लोकांचे संसार वाहतो. गोड बोलतो मेला. "काका, बसा, चहा घ्या," यापलीकडे कधी आवाज चढवत नाही. पैसे नसतील तर कोंबडी चालते, शेळी चालते, दगडाची लादीही चालते. नियम दोनच. घण मारणाऱ्यानं स्वतःच्या दगडावर बोलायचं नाही, आणि बोललेला आकडा परत घ्यायचा नाही. खाणीत एक म्हातारा आहे, धुळीनं छाती भरून त्याचा आवाज गेलाय. त्याची म्हातारी त्याच्या वतीनं बोलायची. तेही चालतं. घरातलं माणूस बोललं की घर बोललं.

ठोक्या स्वतः घण मारतो तेव्हा त्याचा अंदाज खरंच चुकत नाही. कान लावतो, हात फिरवतो, आणि म्हणतो, "अजून तीन." तीनच लागतात. पण तेव्हा बोलायची बंदी. बोलायचं ते दुसऱ्याच्या दगडावर, दुसऱ्याच्या हाताच्या जोरावर, लांब उभं राहून. तिथं त्याचं सगळं शहाणपण पालथ्या घड्यावर पाणी. हे मी त्याला किती वेळा सांगितलं. म्हणायचा, "अक्का, तुला दगडातलं काय कळतं?"

मला दगडातलं कळत नाही. भावातलं कळतं.

त्या उन्हाळ्यात मुकादम आमच्या खोपीच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायचा नाही, बाहेरही जायचा नाही, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मी म्हटलं, "काय अवघडल्यासारखं करताय? बोला की."

"खाण या अंगाला वाढणार आहे," तो म्हणाला. "पावसाच्या आत खोपी हलवायच्यात. ठेकेदाराचा हुकूम आहे, माझा नाही."

"आणि जायचं कुठं?"

"ते ठेकेदारानं सांगितलं नाही."

माझी भावजय चुलीपाशी होती. ती हसली. मुकादम चपापला, कारण ही बाई तशी हसणारी नव्हे. तिच्या बापानं गावाच्या कडेला तिला जमिनीची एक पट्टी दिली होती, अंगणाएवढी. खोपीमागं लाद्यांची थप्पी होती. सुट्टीच्या दिवशी काढलेला दगड ज्याचा त्याचा, अशी आमच्या खाणीत रीत आहे. चार उन्हाळे आम्ही सुट्टी घेतली नव्हती. ठोक्या फोडायचा, भावजय टाकी लावून कडा सरळ करायची, मी वाहायची. तिला एकेक लादी चेहऱ्यानं ओळखीची होती. ही दाराच्या उजव्या अंगाची, ही चुलीमागची, ही पाण्याच्या मडक्याखालची. उंबऱ्याची लादी सगळ्यांत लांब, निळसर, एकही खोट नसलेली. ती तिनं गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. मी चेष्टेनं म्हणायची, "अगं, नवरीला इतकं कुणी जपत नाही." ती म्हणायची, "वन्सं, नवरी एकदाच घरात येते. उंबऱ्यावरून रोज जायचंय."

मुकादम गेला तशी ती मागं गेली, थप्पीवर हात फिरवायला. परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"वन्सं, चुलीमागची कुठं गेली?"

मी जाऊन बघितलं. थप्पी वरून सारखी दिसत होती, पण मागच्या अंगानं पोखरलेली. आतून काढून घेतल्या होत्या, समोरून कळू नये अशा. एवढी अक्कल चालवली होती, तीच आधी चालवली असती तर.

संध्याकाळी ठोक्या हातपाय धुऊन आला. मी दारातच उभी.

"लाद्या कुठं गेल्या रे?"

"येतील परत."

"चरायला गेल्यात का? दिवेलागणीला परत यायला?"

तो खाली बसला. बोटांना चिरा पडल्या होत्या त्यातली धूळ काडीनं काढायला लागला. मग एकदम वर बघून म्हणाला, "अक्का, एका घावानं गेलं. फक्त एका! मी तेरा बोललो, चौदाव्याला फुटला."

"म्हणजे हरलास."

"हरलो नाही गं, हुकलं."

त्याच्या डोळ्यांत मी बघितलं. हरलेल्या माणसाचे डोळे नव्हते ते. चमकत होते. वीस घावांनी चुकला असता तर कदाचित गप बसला असता. एका घावानं चुकला म्हणजे जवळ आलोय, अजून एकदा बोललं की आलंच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. मधे एकदा जिंकलाही होता म्हणे. घरी न सांगता ते जिंकलेलं दुसऱ्याच दगडावर लावलं. हातचं सोडून पळत्याच्या मागं, दुसरं काय.

भावजय भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि त्याच्या समोर बसून विचारलं, "बोलायच्या आधी तुमच्या डोक्यात काय येतं?"

त्यानं घास तसाच धरला. खोटं बोलायचा विचार केला असेल, पण केलं नाही. एवढं श्रेय देते त्याला.

"काहीच येत नाही," तो म्हणाला. "पाचरी बसतात, सगळे गप होतात, छातीत धडधडायला लागतं. आणि आकडा निघून जातो तोंडातून. मी बोललो असं वाटतच नाही. बाहेर पडला की मग घर आठवतं, तू आठवतेस, पोरगी आठवते. सगळी ओळीनं येतात. पण उशिरा येतात."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "तसंच."

आणि रडला. मोठा गडी, घण उचलणारा, ताटावर बसून रडला. मला राग होता तो राहिलाच, वर हे. त्याची पोरगी जवळ जाऊन म्हणाली, "बाबा, तिखट लागलं का?" तिला आम्ही टकळी म्हणायचो. पाच वर्षांची. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंड चालू, झोपेतही थोडंफार. ती त्याच्या पाठीवर चढून त्याला काहीतरी लांबलचक सांगायला लागली, कुत्र्याचं आणि सरड्याचं, आणि तो रडता रडता हुंकार देत राहिला.

दुसऱ्या दिवशी भावजयीनं ओढ्यातून एक खडा आणला. बोराएवढा, गुळगुळीत. खाणीत उन्हाच्या दिवसांत तहान लागू नये म्हणून बरेच जण तोंडात खडा धरतात, त्यात नवल नाही. पण हिनं तो धुतला, पुसला, आणि कामावर निघताना नवऱ्याच्या समोर धरला, औषधाची गोळी धरावी तसा.

"तोंडात ठेवायचा. कुणाशी बोलायचं झालं तर आधी हा काढायचा, मग बोलायचं. तो काढेपर्यंत आम्ही आठवू."

ठोक्यानं आ केला. तिनं खडा जिभेवर ठेवला. मला हसू आलं. बाई माणसानं एवढंच करावं? पण तिच्या हातात दुसरं होतं काय?

खाणीत चेष्टेला ऊत आला. "काय रे, बायकोनं तोंडात दगड घातला?" "दात येतायत का बाळाला?" म्हातारा हातवारे करून सांगायचा की आता आम्ही दोघं मुके, जोडी जमली. ठोक्या मान खाली घालून भोकं पाडत राहायचा. अपमान गिळणं सोपं नव्हतं, तोंडात खडा असला तरी. मी लांबून बघायची. जबडा हलायचा, खडा या गालातून त्या गालात जायचा.

एका दुपारी खाणीतल्या दुसऱ्या दोघा भावांच्या दगडावर बोली लागली होती. ट्रॅक्टरवाला गोड आवाजात म्हणाला, "ठोक्याशेठ, तुमच्याशिवाय मजा नाही. ऐका तरी दगड कसा वाजतोय." सगळे गप झाले. मी घमेलं घेऊन चालले होते ती थांबले. ठोक्याचा हात तोंडाकडे गेला. त्यानं खडा काढला. तळहातावर घेऊन त्याच्याकडे बघत राहिला, ओला, चकचकीत. मग पुन्हा तोंडात टाकला आणि वळून आपल्या दगडाकडे गेला. माझ्या डोक्यावर खडीचं घमेलं होतं. किती वेळ तसंच होतं मला सांगता येणार नाही. उतरवलं तेव्हा मान वळेना.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की सुटला. देवा, खरंच वाटायला लागलं.

बोलायचं नाही म्हटल्यावर त्यानं टकळीशी बोटांची भाषा काढली. एक बोट वर केलं की पाणी. मूठ म्हणजे घण. तळवा डोक्यावर म्हणजे सावलीत जाऊन बस. पोरगी हुशार, तीन-चार दिवसांत सगळं उचललं, आणि वर स्वतःची भर घातली. दोन्ही हातांची बोटं उघडून तो तिला आकडे शिकवायचा. दहा, पुन्हा दहा, वर तीन. "तेवीस!" ती ओरडायची. तो मान डोलवायचा. मुकादमाकडे निरोप न्यायचा तर तीच. "मुकादमकाका, बाबा म्हणतात पाचरी बोथट झाल्यात, लोहाराकडे पाठवा." "बाबा म्हणतात, आज तुमची मिशी वाकडी आहे." हे शेवटचं बाबा म्हणत नसायचे. खाणीत जो तो तिलाच विचारायचा, "काय म्हणतात गं तुझे बाबा?" आणि ती कंबरेवर हात ठेवून सांगायची. मुक्या बापाचं तोंड झाली होती. तिच्या जन्माला तेव्हाच काय तो अर्थ आला, असा तिचा तोरा होता.

थप्पी पुन्हा भरली. सुट्टीच्या दिवशी ठोक्या पहाटेपासून फोडायचा. गेलेल्या लाद्यांच्या जागी नव्या आल्या. भावजय म्हणायची चुलीमागची पहिल्यासारखी नाही, हिला जरा कड कमी, पण चालेल. कामावरून सुटलं की आम्ही गावाच्या कडेच्या पट्टीवर जायचो आणि पाया खणायचो. जमीन कठीण. पहारीनं खांद्याचे सांधे निखळायचे. ठोक्या पायाच्या चरात उतरून माती वर टाकायचा, आम्ही दोघी पाटीनं बाजूला करायचो. टकळी खणलेल्या चरातून धावायची आणि सांगायची, "ही माझी खोली. ही आत्याची. आत्या, तुझी बारीक आहे, तू आडवी झोप." दाराच्या जागी भावजयीनं दोन खुंट्या ठोकल्या होत्या. घर अजून नव्हतं, तरी ती खुंट्यांच्या मधूनच आत-बाहेर करायची.

लाद्या नेण्यासाठी ट्रॅक्टर लागणार होता, आणि खाणीत ट्रॅक्टर एकच. मी म्हटलं, "बैलगाडी बघू, चार खेपा होतील." भावजय म्हणाली, "पाऊस तोंडावर आलाय वन्सं. एका खेपेत होईल. आता ते बोलत नाहीत." तिलाही वाटायला लागलं होतं. मी एकटीच वेडी नव्हते.

निघायच्या दिवशी सकाळपासून भरणी चालली होती. ट्रॉली खोपीच्या मागं लावलेली. ठोक्या आणि दोन गडी खालून द्यायचे, भावजय वर उभी राहून कुठली कुठं ते सांगायची. घामानं तिचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. सगळ्यांत वर उंबऱ्याची लादी, गोणपाटासकट. आमची चार भांडी, दोन गोधड्या, हत्यारांची पेटी डोक्यावरून न्यायला खोपीतच ठेवली. खोपीचे पत्रे शेवटी काढायचे होते. मी आत चूल मोडत होते. चूल मोडताना हात कचरतो, पण नवीन चुलीचा विचार केला की चालतो.

ट्रॉली भरली आणि वाट अडली. वाटेच्या तोंडाशी एक प्रचंड दगड फोडायला घेतला होता, दोघांनी आळीपाळीनं घण मारायचे होते. तो फुटून बाजूला होईपर्यंत ट्रॅक्टर निघणार नव्हता. लोक जमले. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

खोपीच्या दारातून मला सगळं दिसत होतं. ठोक्या ट्रॉलीला टेकून उभा, गळ्यात ओला फडका, गाल एका बाजूनं फुगलेला. टकळी त्याच्या खांद्यावर बसलेली. दोघे घणवाले पाचरी बसवत होते. हलके ठोके, टण, टण, टण. ठोक्याचं डोकं थोडं कलतं झालं. दगडाकडे कान.

"शेवटचा दिवस," ट्रॅक्टरवाला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बोला. जाणाऱ्या माणसाला मी ट्रॉलीला दोन ट्रॉल्या देतो."

हे त्यानं ठोक्याकडे न बघता म्हटलं.

म्हातारा खोकला. पाचरी बसल्या. घणवाल्यानं हातावर थुंकी टाकली आणि घण उचलायला वाकला.

आणि ठोक्याचे हात वर झाले. खडा तोंडातच होता. त्यानं तोंड उघडलं नाही, बायकोला दिलेला शब्द मोडला नाही. दहा बोटं उघडली. मिटली. पुन्हा दहा. मग एक.

मी ओरडले, "ए! हात खाली कर!" पण माझ्या आधी त्याच्या खांद्यावरून टकळी ओरडली होती, खणखणीत, आनंदानं, रोज ओरडायची तशी:

"एकवीस! बाबा म्हणतात एकवीस!"

सगळे वळले. ट्रॅक्टरवाल्यानंही चमकून वर बघितलं. तो म्हणाला, आणि हे मला सांगितलंच पाहिजे, "पोर बोललं. खरं का ठोक्या? ट्रॉली?"

वेळ होता. खडा काढायला लागला असता त्याहून जास्त वेळ होता. मी चुलीच्या विटा टाकून धावत होते, भावजय ट्रॉलीवरून "अहो, अहो" म्हणत होती, तिनं त्याला हाक मारायची ती तशीच मारली, मोठ्यानं ओरडायची तिला सवयच नव्हती. ठोक्यानं आमच्याकडे बघितलं नाही. तो दगड ऐकत होता. घण अजून पडलासुद्धा नव्हता आणि तो ऐकत होता.

त्यानं मान डोलवली.

घण पडायला लागले. मी पोचले तेव्हा चार झाले होते. मी त्याचा दंड धरून हलवला, तो दगडासारखाच लागला हाताला. टकळी मोजत होती. तिला वाटलं शिकवलेलं म्हणून दाखवायचंय. "आठ, नऊ, दहा." लोकही तिच्याबरोबर मोजायला लागले. पंधरा, सोळा, दगड खणखणतोय. अठरा, खणखण. एकोणीस. विसाव्याला आवाज बसला. बद्द. मी स्वतः ऐकला. माझ्या तोंडातून निघालं, "फूट मेल्या, फूट!" एवढा वेळ शिव्या देणारी मी, मीही त्या आकड्याला हात जोडले.

एकविसावा घाव बसला. रेघेवर केसाएवढी चीर दिसली. दगड उभाच राहिला.

"फुटला!" ठोक्या ओरडला. खडा त्याच्या तोंडातून उडून मातीत पडला. "फुटला! पाणी टाका, पाणी ओता वर, चीर पाणी पिते का बघा!"

"उघडला म्हणजे फुटला," घणवाला म्हणाला आणि त्यानं बाविसावा घातला. दगडानं उसासा टाकला आणि दोन बाजूंना झाला.

मग जे झालं ते खाणीत नेहमी होतं. ठोक्यानं मुकादमाचे हात धरले, घणवाल्याचे धरले, म्हाताऱ्याचे धरले. म्हाताऱ्याला आवाज नाही, त्याची म्हातारी बोलली, "आमच्या दोन शेळ्या गेल्या तेव्हा कुणी परत दिल्या?" मी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "पोराच्या बोलण्यावर घर नेतोस? जिभेला हाड आहे का तुझ्या?" तो शांतपणे म्हणाला, "मावशी, पोराच्या बोलण्यावर नाही नेत. मी बापाला विचारलं. तुमच्यासमोर विचारलं." मला उत्तर सुचलं नाही. मला, जिला तोंड आहे.

भावजय ट्रॉलीवरून उतरेना. उंबऱ्याच्या लादीवर बसली होती, दोन्ही हात दोन बाजूंना टेकून. दगड बाजूला झाला, वाट मोकळी झाली, मागच्या बैलगाड्या खोळंबल्या, तरी ती तशीच. शेवटी ट्रॅक्टरवाला खाली उभा राहून म्हणाला, "वहिनी, उतरा. मला दुसरी खेप आहे." आणि तिला उतरायला हात पुढं केला. तिनं तो हात धरला. वरून उडी मारता येण्यासारखी नव्हती म्हणून धरला. सगळ्या खाणीच्या देखत त्याच्या हाताला धरून ती आपल्या उंबऱ्यावरून उतरली, आणि ट्रॅक्टर धूळ उडवत गेला.

ठोक्या माझ्याजवळ आला. मला वाटलं पाया पडतो. "अक्का," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकत होते, "आवाज बदललेला तू ऐकलास ना? एकविसाव्यालाच गेला होता तो आतून. एका घावानं गं. एका घावानं."

मी त्याच्या थोबाडीत मारली. तो गडी घण पेलणारा, त्याला काय लागणार? माझाच हात बधिर झाला.

खोपीचे पत्रे आम्ही काढले नाहीत. मोडलेल्या चुलीच्या विटा परत लावल्या, चूल पेटली नाही नीट, धूर झाला. भावजय भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रडण्याचा आवाज नव्हता. ठोक्या बाहेर बसला होता, हातातल्या काडीनं जमिनीवर रेघा मारत. आता चार दिवसांत मुकादम पुन्हा येऊन दारात उभा राहणार होता, या पायावर, त्या पायावर.

मला एकदम जाणवलं की खोपीत फार शांत आहे. धुरामुळे नव्हे, दुसरंच काहीतरी कमी होतं. टकळी कोपऱ्यात गोधड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. पाय जवळ घेऊन, गुडघ्यावर हनुवटी. खाणीतून आल्यापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"काय गं टकळे? भूक लागली?"

तिनं मान हलवली. नाही.

"बाबांचा राग आला?"

नाही.

"आईचा?"

तिनं आईच्या पाठीकडे बघितलं. तिचा एक गाल फुगलेला होता. मी चिमणी जवळ नेली. "तोंडात काय आहे? आ कर बघू."

ती आ करेना. मी हनुवटी धरली तशी ओठ गच्च मिटून घेतले, डोळ्यांत पाणी आलं तरी सोडले नाहीत. पण दाताला लागून खडकन वाजलं, आणि मला कळलं. तो मातीत पडलेला खडा तिनं कधी उचलला, कुणी बघितलं नव्हतं.

"अगं तू काय केलंस? तू नाही काही केलंस," मी म्हटलं. "तू फक्त सांगितलंस. टाक तो, टाक बाळा. गिळशील. बोल माझ्याशी. मुकादमाची मिशी वाकडी आहे ना? सांग की."

तिनं मान हलवली. दारातून बाहेर बसलेल्या बापाकडे तिनं बघितलं, तोही आता आमच्याकडे बघत होता, काडी हातात तशीच. मग तिनं माझ्याकडे वळून एक बोट वर केलं.

मी पेल्यात पाणी ओतून दिलं. तिनं खडा गालात सरकवला आणि प्याली, थेंब न सांडता, अगदी बापासारखी.